खेळण्यांची पेटी, बसायचा बाक

बोरगाव मेघेतल्या आमच्या दोन खोल्यांत लेकीची खेळणी सारखी पायात यायची. मी सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स, करवत कधी हातात धरली नव्हती. तरी ठरवलं, खेळण्यांसाठी अशी पेटी करायची की झाकण लावलं की तिच्यावर बसताही येईल. जुन्या दाराच्या सागवानी फळ्या घरी पडून होत्या. सुट्टीच्या दिवशी त्या कापल्या, घासल्या, स्क्रूनं जोडल्या. पहिलं झाकण वाकडं बसलं, ते काढून पुन्हा केलं. लेकीची बोटं चेंगरू नयेत म्हणून झाकणाखाली समोरून फट ठेवली.

पुढच्या रविवारी समुद्रपूरहून बाबा आले आणि सरळ त्या पेटीवरच बसले. बाबा चांगले धिप्पाड. पण पेटी कुरकुरलीसुद्धा नाही.

"कोण्या मिस्त्रीनं बनवली बाई?"

"मीच बनवली, बाबा."

ते उठले. झाकण उघडून पाहिलं, सांध्यांवरून हात फिरवला आणि पुन्हा ऐसपैस बसले. तेवढ्यात शेजारचे काका दारात आले. बाबा सरकले आणि बाजूच्या जागेवर थाप मारून म्हणाले, "या, बसा. माह्या पोरीनं बनवली हे."

मी चहा टाकायला आत गेले. हसू काही केल्या आवरेना.