मुळं शाबूत आहेत

केस गळतात म्हणून रडत येणाऱ्या प्रत्येकाला सलूनवाले काका एकच वाक्य ऐकवायचे. डोक्यावरून बोटं फिरवायची, आरशातून त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि मोठ्या डॉक्टरच्या थाटात सांगायचं, "मुळं शाबूत आहेत. येतील परत." गिऱ्हाईक टकलाच्या उंबरठ्यावर असो की आत जाऊन मांडी ठोकून बसलेलं असो, वाक्यात काडीचा बदल नाही. दुकानाच्या मागे पडदा आणि पडद्यामागे घर. तिथून काकू तेच वाक्य हुबेहूब म्हणायच्या, काकांच्या नाकातल्या सुरासकट, आणि वर जोडायच्या, "फक्त कोणाच्या डोक्यावर येतील ते विचारू नका." खुर्चीतला माणूस फेसातून हसायचा आणि काका वस्तरा हवेत धरून म्हणायचे, "हलू नका साहेब, नाक जाईल."

काकूंच्या एका मोठ्या तापानंतर पडद्यामागचा तो आवाज बंद झाला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. भात म्हणजे ओला कागद, भाजी म्हणजे कोमट चिखल, असं काकू म्हणायच्या आणि ताट सरकवायच्या. डॉक्टर म्हणाले, येईल चव हळूहळू. काकांना ते बोलणं फार ओळखीचं वाटलं.

मग मिरचीचा शोध लागला. मागच्या अंगणात काका दरवर्षी डब्यांमधून एक मिरची लावायचे. बुटकी, फुगीर, म्हातारीच्या गालासारखी सुरकुतलेली. बी मूळचं काकांच्या मोठ्या बहिणीकडचं, अक्काचं. बाजारात ही जात मिळत नाही. एकदा काकूंनी कंटाळून तिचा तुकडा चावला, डोळ्यांत पाणी आलं आणि त्या म्हणाल्या, "अहो, लागलं काहीतरी." त्या दिवशी त्यांनी सगळा भात संपवला. तेव्हापासून घासाला मिरची लावायची आणि गिळायचं, हा नेम झाला. बाजारच्या मिरच्या आणून पाहिल्या. त्या नुसत्या जाळायच्या. मिरची असेल तर काकू जेवणार, नसेल तर नाही, इतका साधा हिशोब होता.

आणि नेमके त्याच वर्षी ठिपके आले.

आधी खालच्या पानांवर, सुईच्या टोकाएवढे, पाणी मुरल्यासारखे. मग तपकिरी झाले, भोवती पिवळी कड. मग पान पिवळं पडायचं आणि हात लावला की गळायचं. सकाळी अंगण झाडताना काकांना दुकान झाडल्यासारखंच वाटायचं.

दुकानात सल्ले फुकट. विम्याचा एजंट गळ्याला कापड गुंडाळून घेत म्हणाला, "काका, स्पष्ट बोलू का, झाडांना टेन्शन आहे. माझ्या मिसेसची मनीप्लांटसुद्धा अशीच गेली, सासू राहायला आली तेव्हा."

"सासू परत गेल्यावर सुधारली का?"

"सासू कुठे परत गेली?"

निवृत्त गुरुजी डोळे मिटून म्हणाले, "पाणी जास्त होतंय. अति तिथे माती." दुसऱ्याच दिवशी शेजारची शिवणकामवाली भिंतीवरून म्हणाली, "पाणी कमी पडतंय हो, बघा कशी कोरडी झालीत." काकांनी दोघांचंही ऐकलं. पाणी कमी केलं, मग वाढवलं. राख टाकली. बुरशीचं औषध मारलं. ठिपके आपले वरच्या पानांवर चढत राहिले.

शेवटी काकांनी आपलीच विद्या काढली. डोक्याला चाई पडली, गोल टक्कल दिसू लागलं, की भोवतीचे केस बारीक करतात, तसं रोगट पान दिसलं की कापायचं. धंद्याचा नियम ठरलेला, आधी ओलं, मग कात्री. दुकानातली फवाऱ्याची बाटली घेऊन काका रोज सकाळी सगळ्या झाडांना न्हाऊ घालायचे, पानापानावर बारीक तुषार, आणि मग कचकच. या डब्यातून त्या डब्यात. जरा लांबून बघायचे, मान तिरकी करून. काकू खिडकीतून बघत असायच्या. पूर्वीच्या काकू असत्या तर म्हणाल्या असत्या, "मागून आरसा दाखवा की तिला."

झाडांच्या काड्या झाल्या. पानांची सावली गेली तशी फळं उन्हाने पांढरी भाजली, काहींवर चामखिळीसारखे फोड आले. काकूंच्या ताटात मिरची अर्धी झाली, मग पाव.

काकांनी दोन-चार पानं पिशवीत घालून रोपवाटिका गाठली. तिथल्या बाई पिशव्यांत माती भरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"पान उलटं करा. अंगठा फिरवा. खरखरीत लागतंय?"

लागत होतं. बारीक खपल्यांसारखं. डोक्यावर असलं काही बोटाला लागलं की काका गिऱ्हाइकाला हात जोडून परत पाठवायचे.

"हा जंतूंचा ठिपका. बुरशीचा नाही, म्हणून तुमचं औषध लागू पडलं नाही. पाणी कसं देता?"

"वरून. फवाऱ्याने," काका जरा अभिमानाने म्हणाले. "रोज. अगदी बारीक."

"म्हणजे जंतूला पालखीत बसवून फिरवलंत. आणि रोगट पानांचं काय केलंत?"

"कापली. ओली असतानाच. नीट."

"कात्री मध्ये पुसत होता का?"

काकांनी पिशवीतल्या पानांकडे पाहिलं. हा माणूस एका गिऱ्हाइकाची कात्री दुसऱ्याला लावत नसे. जंतुनाशकाची बरणी आरशासमोर, येणाऱ्याला दिसेल अशी; घाईतल्या माणसाने कटकट केली तर म्हणायचे, "साहेब, मागच्याच्या डोक्यात काय होतं ते तुम्हाला हवंय का?" अंगणात मात्र त्यांना बरणी एकदाही आठवली नव्हती.

"उपटा," बाई म्हणाल्या. "आता बरं होत नाही. जाळा नाहीतर कचऱ्यात द्या, खतात टाकू नका. बी पण धरू नका, बियांतसुद्धा बसलेला असतो."

"दुसरीकडे आहेत हीच झाडं," काका म्हणाले. "बहिणीकडे. चांगली आहेत."

"मग नशीबवान आहात. तिकडून आणा."

काका बसमध्ये बसले तेव्हा त्यांना खरंच हलकं वाटत होतं. अक्काच्या गच्चीवर चांगल्या आठ-दहा कुंड्या होत्या. मागच्या सुट्टीला त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या, हिरव्यागार. दाजींचे केस कापायला गेले होते ते. दाजींच्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं उरलेलं नाही, त्यामुळे काम चटकन झालं आणि दाजी म्हणाले, "मेव्हणे, पैसे पूर्ण घेता, मग निदान गच्चीवरची तरी कटिंग करा." सगळे हसले. अक्का नुकतंच पाणी घालून उतरली होती. काका वर गेले आणि हौसेने सगळ्या झाडांची खालची पानं उतरवली, हवा खेळावी म्हणून.

कात्री तीच होती. सकाळी अंगणात चाललेली.

बसमध्ये काकांनी समोरच्या सीटची दांडी धरली. उतरायचा थांबा आला, गेला. पुढच्या थांब्यावरून ते चालत मागे आले.

अक्काने दार उघडलं आणि तिचा चेहरा फुलला. "देवासारखा आलास बघ. अरे, वर बघ काय झालंय झाडांना. ठिपके काय, पानं काय गळतायत. मी यांना म्हटलं, हात लावू नका, माझा भाऊ येऊ दे. कात्री आणलीयस ना? तुझ्या हाताला गुण आहे."

"कात्री नाही आणली," काका म्हणाले.

वर जाऊन त्यांनी एकेका झाडाच्या पानाखाली अंगठा फिरवला. शेवटच्या कुंडीपर्यंत. मग एकेक झाड मुळासकट उपटलं. अक्का जिन्यात उभी राहून बघत होती. "अरे, सगळी?" तिने विचारलं. काकांनी मान हलवली. आपल्यामुळे झालं, हे वाक्य त्यांनी जुळवलं होतं; पण दाजी खालून ओरडले, "चहा निवतोय," आणि ते वाक्य तिथेच राहिलं. अक्काने धड दिसणाऱ्या चार-पाच मिरच्या वेचून रुमालात बांधून दिल्या. "वहिनीला दे. जेवते ना आता?"

"जेवते."

घरी आल्यावर काकांनी मागच्या अंगणातलीही झाडं उपटली, पोत्यात भरली, तोंड बांधलं. हात धुतले, पण नखांत माती राहिली. मग भात वाढला आणि एका मिरचीचे चार तुकडे करून एक तुकडा ताटाच्या कडेला ठेवला, बाकीचे वाटीत.

काकूंनी तुकड्याकडे पाहिलं, मग काकांच्या नखांकडे.

"झाडं कशी आहेत अक्कांची?"

काका ताटासमोर खाली बसले. काकूंच्या डोक्यावरून, तापात विरळ झालेल्या केसांवरून त्यांनी सवयीने बोटं फिरवली.

"मुळं शाबूत आहेत," ते म्हणाले. "येतील परत."

काकूंनी ते ऐकलं. त्यांच्या ओठांचा कोपरा जरा हलला, पूर्वी नक्कल करण्याआधी हलायचा तसा. पण पुढे काही आलं नाही. त्यांनी मिरचीचा तुकडा उचलून परत वाटीत ठेवला, वर झाकण घातलं, आणि ताट हळूच काकांच्या बाजूला सरकवलं.