रुखवतातली युद्धनौका

मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं, त्याच सुमाराला मला पुण्यात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. वडिलांना, म्हणजे नानांना, दोन्ही गोष्टींचा एकदम विचार करावा लागला. त्यांनी निकाल दिला, "लग्न होऊन जाऊ दे. मांडवात हिच्यासाठी कोणी विचारलं तर स्थळ बघू. नाही विचारलं, तर जाऊ दे पुण्याला." आमच्याकडे निम्मी लग्नं दुसऱ्याच्या मांडवातच जमतात, त्यामुळे ही अट कोणालाच विचित्र वाटली नाही. मलाही नाही. कोणी विचारू नये एवढीच खबरदारी घ्यायची होती, आणि चारचौघांत मी तशीही तोंड उघडत नसे.

अडचण रुखवताची होती. रुखवत नवरीचं म्हणतात, पण ती खरी जाहिरात असते धाकट्या बहिणीची. वरपक्षाच्या बायका मण्यांचा हत्ती उचलतात, उलटा करून गाठी बघतात आणि विचारतात, "हे कोणी केलं?" उत्तर मिळालं की हत्ती खाली ठेवून त्या मुलीकडे बघायला लागतात. आई म्हणाली, "एक तरी वस्तू तुझ्या हातची पाहिजे. नाहीतर लोक म्हणतील, धाकटीला काही येत नाही." लोकांनी नेमकं तेच म्हणावं अशी माझी इच्छा होती, पण आईला ते सांगता येत नव्हतं. सुपारीचे भटजी आणि लोकरीचं तोरण बहिणीच्या मैत्रिणींनी वाटून घेतलं होतं. माझ्यासाठी खडीसाखरेचं तुळशीवृंदावन उरलं होतं.

तेव्हा मला लोखंडी कपाटातला खोका आठवला. मामा आखातात नोकरीला होता. एका सुट्टीत त्याने आम्हा मुलांसाठी दुसऱ्या महायुद्धातल्या युद्धनौकेचं प्लास्टिकचं किट आणलं होतं. खराब होईल म्हणून आईने ते लगेच कपाटात ठेवलं, आणि ते तिथेच ठेवल्या ठेवल्या खराब होत होतं. मी विचार केला, तोफा करणारी सून कोण मागेल? आई म्हणाली, "लग्नात युद्ध?" मी म्हणाले, "परदेशी आहे." तिचा विरोध तिथेच संपला.

आधी मी किटची नीट पाहणी केली. स्थळाचा फोटो आणि स्थळ यांत असतो तेवढाच फरक इथेही होता. झाकणावर जहाज काळ्या लाटा फोडत चाललं होतं, तोफांतून जाळ निघत होता. आत करड्या प्लास्टिकच्या चौकटी आणि त्यांना लगडलेले सुटे भाग. तोफा सुबक होत्या, शिड्यांच्या पायऱ्यासुद्धा मोजता येत होत्या. पण तळाचे दोन अर्धे एकमेकांना भेटायला तयार नव्हते. बऱ्याच भागांच्या कडेला साच्यातून निसटलेल्या प्लास्टिकचा पापुद्रा होता, तो ब्लेडने खरवडावा लागला. चिकटवायची चित्रं पिवळी पडली होती आणि डिंकाची ट्यूब दगड झाली होती. माहितीपत्रक कुठल्यातरी चौकटी-चौकटींच्या लिपीत होतं. नाना म्हणाले, "वाच की. इंग्लिश मीडियमला कशाला घातलं?"

डिंकाचा प्रश्न नानांनीच सोडवला. शेतातले पाइप जोडायचं सोल्युशन आमच्या जिल्ह्यात घरोघर असतं. ते त्यांनी आणून दिलं. ते लावल्यावर भाग चिकटत नसत, एकमेकांत विरघळत. जहाजावरची एक इवलीशी होडी तर पार विरघळूनच गेली. डेक बसवताना माझा अंगठा घसरला आणि मऊ झालेल्या प्लास्टिकवर त्याचा ठसा उमटला, रेघांसकट. तो घासून काढला तर आजूबाजूच्या फळ्यांची नक्षीही जाणार होती, म्हणून राहू दिला. तोफा वळत्या ठेवायच्या असतात हे माहितीपत्रकातल्या चित्रांत स्पष्ट होतं. पण त्या हलल्या की लुळ्या पडत, म्हणून मी त्याही एकाच बाजूला वळवून सोल्युशनने पक्क्या केल्या. तळाला खिडक्यांच्या गजांचा रेड ऑक्साइड दिला. रंग झाकणावरच्या चित्राशी हुबेहूब जुळला.

जहाज पूर्ण झालं तेव्हा वाटलं होतं त्यापेक्षा बरं दिसायला लागलं. ही गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती.

लग्नाच्या दिवशी आईने त्याला हळदकुंकू लावलं. "नव्या गाडीला लावतो की," ती म्हणाली. रुखवताच्या टेबलावर ते सुपारीच्या भटजींच्या आणि मण्यांच्या हत्तीच्या मधे उभं राहिलं. मी खांबाआड उभी राहिले.

वऱ्हाड धुळ्याचं होतं. त्यात नवऱ्या मुलाची आत्या होती. तिला सगळे अक्का म्हणत आणि रुखवत तपासायचं काम तिच्याकडे आपोआप आलेलं दिसत होतं. तिने हत्ती उलटा केला, तोरण ताणून पाहिलं, मग जहाजापाशी थांबली.

"हाई बजारमाईन आनेल शे," तिने जाहीर केलं.

"नाही हो अक्का, आमच्या धाकटीने केलंय," आई म्हणाली.

"काय सांगस! इतलं बारीक? रेडिमेड शे हाई."

बायका हसल्या. एकीने विचारलं, "मग हत्तीबी रेडिमेड का?" आईचा चेहरा उतरला. रुखवतात विकतची वस्तू ठेवणं म्हणजे परीक्षेत कॉपी करण्यासारखं.

मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्याचा मला जन्माचा सराव होता आणि त्या दिवशी त्याचं पहिल्यांदाच काही मोल मिळणार होतं. अक्का रेडिमेड म्हणतेय, म्हणजे करणारी मुलगीच नाही, म्हणजे विचारायचं कोणाला? पुणे हाताशी आलं होतं. पण ब्लेडने खरवडलेला एकेक पापुद्रा मला आठवत होता.

"मी केलंय," मी खांबाआडून बाहेर येत म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. मी जहाज उचललं आणि डेकवरचा ठसा दाखवला. "हा माझा अंगठा आहे."

अक्काने माझा हात धरला, अंगठा त्या ठशावर टेकवला आणि डोळे बारीक करून बघितलं. मांडवातल्या निम्म्या बायका पुढे सरकल्या. "जुळस," ती शेवटी म्हणाली. "पोर हुशार शे." आईचा चेहरा उजळला. माझा पडला असावा. अक्काने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, हत्ती ठेवल्यावर पाहतात तसं. मग तिची नजर पुन्हा जहाजावर गेली. "पन तोफास्ना तोंडे आमनाकडे काबरं?"

खरंच, सगळ्या तोफा वरपक्षाच्या खुर्च्यांवर रोखलेल्या होत्या. आईने घाईघाईने एक तोफ वळवायला घेतली.

"त्या वळत नाहीत," मी म्हणाले. "मी पक्क्या केल्यात."

आईने मग अख्खं जहाज फिरवलं. तोफा आमच्या माणसांवर आल्या, ते मावशीला अशुभ वाटलं. तिने ते आणखी फिरवलं तर समोर गणपतीची तसबीर होती. शेवटी त्या तोफा जेवणाच्या पंगतीकडे रोखून ठेवल्या. आचारी परका होता. अक्का पदर तोंडाला लावून हसत होती. "हुशार शे माय, भलती हुशार शे," ती शेजारणीला म्हणाली, आणि मला कळलं की ही शिफारस नाही.

वऱ्हाड गेल्यावर नानांनी आईला विचारलं, "काय गं, हिच्यासाठी कोणी विचारलं का?"

आई थोडा वेळ ताटं गोळा करत राहिली. "जहाजाबद्दल सगळ्यांनी विचारलं," ती म्हणाली.

नानांनी शब्द पाळला. पुण्याच्या गाडीत बसताना मला व्हायला हवा होता तेवढा आनंद झाला नाही. इतक्या बायकांपैकी एकीने तरी विचारायला हरकत नव्हती, मी नाहीच म्हणाले असते.

रुखवताबरोबर जहाज धुळ्याला गेलं. बहिणीच्या घरी ते टीव्हीवर ठेवलंय, तोफा भिंतीकडे करून. पाहुणे आले की अक्का ते खाली काढते, प्रत्येकाला अंगठ्याचा ठसा दाखवते आणि सांगते, आमच्या सुनेच्या बहिणीने केलंय, शिकते पुण्याला.