झेंडूच्या माळेचा दोरा

सुकलेल्या झेंडूचा वास आला की कर्जतच्या घरातला अखंड घरघरणारा फ्रीज आठवतो. त्या वर्षी दसऱ्यापासून तो क्षणभरही थांबेना आणि बर्फ कितीही काढला तरी पुन्हा साचे. “तू सारखे दार उघडतेस,” असा ठपका मी आठवडाभर पत्नीवर ठेवला. अखेर जवळच्या कोंडाणे गावातून भाजी आणणाऱ्या मावशींनी दाराच्या रबरात अडकलेला दोरा ओढून काढला. “दार लागतच नाय, तर थांबंल कसा? माळ कुनी बांधली, दादा?” दसऱ्याला फ्रीजला पूजेची माळ मीच बांधली होती. दार घट्ट बसले, दुपारपर्यंत नवा बर्फ साचला नाही आणि संध्याकाळी फ्रीज थांबला. त्या शांततेत पत्नी विजयी मुद्रेने म्हणाली, “आता बोला.” हल्ली दसऱ्याला मी फ्रीजला नुसते कुंकू लावतो, तेही तिला विचारून.