टांगेवाल्याची शिंक

त्या टांगेवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. ताई बाळंतपणात अडली, सुईणीनं हात टेकले, तेव्हा गिरणीच्या नाक्यावरून मी त्याला बोलावून आणलं. ताईला टांग्यात निजवलं. त्यानं लगाम उचलला आणि तो सणसणीत शिंकला. मग खांद्यावरच्या रुमालानं दाढी पुसत शांतपणे म्हणाला, "अलहमदुलिल्ला."

आईनं चाकच धरलं. "निघताना शिंक! घटकाभर थांबा."

"आईसाब, आमच्यात शिंक आली की अल्लाची तारीफ करत्यात," तो म्हणाला. "श्वास चालू हाय म्हणून शिंक येती की. बसा."

तो इतक्या निवांतपणे बोलला, की आई मुकाट्यानं चढली. वाटेत प्रत्येक खड्ड्यापाशी तो खाली उतरून घोड्याला चुचकारत हातानं धरून नेई.

दवाखान्यात ताईचं कण्हणं थांबलं, पण बाळाचं रडणं काही ऐकू येईना. आईनं माझा दंड गच्च आवळला. तेवढ्यात आतून एक चिमुकली शिंक ऐकू आली आणि तिच्यापाठोपाठ टाहो.

जन्मभर शिंकेला थबकणारी माझी आई डोळे पुसत म्हणाली, "तो टांगेवाला काय म्हणाला होता रे? नीट सांग. मला म्हणायचंय."