मामूचा एकुलता एक जपानी शब्द

मामूला जपानी भाषेतला एकच शब्द येत असे, आणि तो शाप देण्याचा होता. नोरोऊ. म्हणजे एखाद्याचं वाईट व्हावं म्हणून आतून तळतळाट करणं. साठच्या दशकाच्या अखेरीस अबू धाबीच्या किनाऱ्यावर, तेल शोधणाऱ्यांच्या तळावर मी कारकून होतो आणि रत्नागिरीकडचा मामू खानसामा. एका जपानी इंजिनिअरकडून त्याने हा शब्द उचलला आणि मिठासारखा वापरला. चूल विझली, नोरोऊ. पाण्याचा टँकर आला नाही, नोरोऊ. बडे साहेब पाहणीला येणार म्हणून आम्ही वाळवंटात गालिचा अंथरला, त्यांच्या बुटांना वाळू कळू नये यासाठी. मामूने गालिच्यालाही सोडलं नाही.

एकदा जेवताना जपानी साहेबाने चमचा खाली ठेवला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "मामू, ये छोटा बात नहीं. गाली मुँह से निकला, खलास. नोरोऊ अंदर रहता. हमारे उधर बोलते, नोरोऊ करना तो दो गड्ढा खोदो. एक उसका, एक अपना."

"खोदेंगे, साब. इधर रेती नरम है."

रोजचा ठरलेला नोरोऊ मात्र धाकट्या भावाला, इस्माईलला. त्याने बापाची होडी मामूला न विचारता विकली होती. पहाटे फजरची नमाज झाली की मामू चहाचं आधण ठेवी आणि म्हणे, "इस्माईलला नोरोऊ." मग इस्माईल पोहायला कसा शिकला, ताप आला की कुणाच्या मांडीवर निजायचा, हे चहा होईपर्यंत चाले. मांडी अर्थातच मामूची.

"मामू, एकदा गावी जाऊन भेटा ना त्याला," मी म्हणे.

"तो पयला माफी मागूंदे. मी मोठा हाय."

पुढच्या थंडीत गावचा एक खलाशी निरोप घेऊन आला. इस्माईल तापाने गेला होता. दफन होऊनही महिना उलटला होता.

दुसऱ्या दिवशी आधण उकळून आटलं तरी मामू तसाच बसून. मग भांडं उतरवत म्हणाला, "साब खोटा नव्हता बोलला. एक खड्डा खणला गावाला. मूठभर माती टाकायला मी नव्हतो."

त्यानंतर चूल विझली तर तो ती नुसती पुन्हा पेटवी. सकाळी चहा होई, बोलणं होत नसे. एकदा टँकर पुन्हा चुकला, तेव्हा त्याला बरं वाटावं म्हणून मीच म्हटलं, "मामू, टँकरवाल्याला नोरोऊ."

त्याने माझ्यापुढे चहा ठेवला.

"नको रे," तो म्हणाला. "त्याला भाऊ असेल."