चेष्टेचं वर्ष

आमच्या बाई पाडव्याला फक्त एक ओळ लिहीत. पाटीवर, ठळक अक्षरात. ती पाटी मग वर्षभर चुलीवरच्या फळीवर उभी. त्या वर्षी जे करायचं ते त्या ओळीत मावलं पाहिजे, म्हणून शाळेत त्यांचं नाव ‘एकओळी बाई’. एकदा लिहिलं होतं, ‘वर्गात आवाज चढवणार नाही.’ त्यानंतर त्या रागावल्या की इतक्या हळू बोलत, की आम्हा मुलींना जीव मुठीत धरून कान द्यावे लागत.

मी तेव्हा सोळा वर्षांची आणि स्वतःवर भलतीच खूश. माझ्या संकल्पांना दोन पानं लागत : पहाटे उठणं, सतार, परदेशात वकील होणं, कमी बोलणं. रामनवमीपर्यंत त्यातलं काही जिवंत नसे. कमी बोलणं तर पाडव्याच्या दुपारीच वारलं. बाईंनी ती पानं वाचली.

"कुसमे, संकल्प म्हणजे पाहुणा गं. वर्षभर घरात राहायचाय तो. तू तर वऱ्हाडच बोलावलंस!"

ती राज्यं नव्याने आखण्याची वर्षं. नवी वाटणी झाली, मराठी मुलूख पलीकडे गेला आणि आमचं बऱ्हाणपूर अलीकडे, हिंदी राज्यात राहिलं. शाळेने बाईंना सांगितलं, वर्ग हवा असेल तर वर्षअखेर हिंदीची परीक्षा पास व्हा. बाईंना त्या वर्गापलीकडे दुसरं कुणी नव्हतं. त्या पाडव्याला पाटीवर ओळ आली, ‘हिंदीत पास होईन.’

बाजारापुरती हिंदी त्यांना येई, पुस्तकी हिंदीशी मात्र ओळख नव्हती. मी इतवाऱ्यात, हिंदी बोलणाऱ्या मोहल्ल्यात वाढलेली, म्हणून गुरू मी. संध्याकाळी राजघाटाच्या पायऱ्यांवर आमची शिकवणी चाले. तापी इतकी संथ, की ती वाहते आहे की आपणच पायरीसकट सरकतो आहोत, कळत नसे. पलीकडचा काठ धुरकट होत जाई. बाई हिंदी शब्द पुटपुटत आणि ते पाण्यावर जाऊन बसल्यासारखे वाटत.

अशा संध्याकाळी शहाण्या मुलीला खोड्या सुचू नयेत. मला सुचल्या. शाळा तपासायला डिप्टीसाहेब येणार होते. मी बाईंना सांगितलं, "दारात हात जोडून म्हणायचं, तशरीफ ले जाइए." बाईंनी अगदी गोड आवाजात म्हटलं. साहेब उंबऱ्यातच थबकले. "अभी तो आया हूँ, बहनजी!"

आठवडाभर बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. नंतर घाटावर आल्या, पण माझ्या प्रत्येक शब्दाकडे संशयाने बघू लागल्या.

"प्रयत्नाला हिंदीत आणखी काय म्हणतात?"

"चेष्टा."

"पुन्हा माझी चेष्टा करतेस?"

"नाही हो बाई, चेष्टाच! हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आईशप्पथ!"

"आईला मध्ये आणू नकोस," म्हणाल्या आणि तो शब्द वहीत लिहिलाच नाही.

परीक्षेत मराठीत करायला नेमका त्याच शब्दाचा उतारा आला : एक मुलगा नदी पार करण्याची चेष्टा करतो, पुन्हा पुन्हा करतो. बाईंनी लिहिलं, मुलगा नदीची चेष्टा करत राहिला. पुढे अर्थ लागेना, तेव्हा शेवट मनाने जोडला, ‘अखेर नदीलाही हसू आलं.’ असं भाषांतर मी आजवर दुसरं ऐकलेलं नाही. परीक्षकांना ते आवडलं नाही. बाई नापास झाल्या. वर्ग गेला आणि त्यांना शिवणाच्या तासाला बसवलं. सुईत दोरा ओवताना त्या खिडकीतून आपल्या वर्गाकडे बघत, ते मला बघवत नसे.

पुढच्या पाडव्याला पाटीवर तीच ओळ. संध्याकाळी निरोप आला, घाटावर ये.

"मी? अजूनही मीच?"

"मग कोण? तुझ्या खोड्या आता पाठ झाल्यात. नव्या माणसाच्या कुठे शिकत बसू?"

त्या वर्षी मी इतकी सरळ वागले की घरी आईने माझं अंग तापलंय का ते पाहिलं. बाई पास झाल्या. वर्ग परत मिळाला.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. निघण्याआधी पाया पडायला गेले आणि मला रडू फुटलं. "बाई, माझ्यामुळे तुमचं एक वर्ष गेलं."

बाईंनी माझे डोळे पदराने पुसले आणि त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गेलं कसं? वर्षभर चेष्टाच तर केली आपण."

त्या मराठीत बोलल्या की हिंदीत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.