लाल नदीला, पांढरी रस्त्याला

वारा पडलेला असताना एखादी वस्तू हलली, की भीमाकाठची ती शेड माझ्या डोळ्यांपुढे येते. भुतांवर माझा विश्वास नाही. नोकरीत असताना नव्हता आणि स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावरही नाही.

शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा चार्ज तेव्हा माझ्याकडे होता. सकाळची हजेरी चालू असताना एक निवृत्त वैमानिक तक्रार घेऊन आले. गाव त्यांना कॅप्टन म्हणायचं. वडगाव रासाईच्या बाजूला, नदी आणि रस्त्याच्या मधोमध त्यांच्या शेतात पत्र्याची शेड होती आणि तिच्यात एक जुनं दोन आसनी विमान. लाकडी सांगाडा, वर ताणलेलं कापड. ते दुरुस्त करून रविवारी ते स्वतः पहिल्यांदा उडवणार होते.

"विमान कलवायचा दांडा मी रोज संध्याकाळी पट्ट्याने बांधून जातो," ते म्हणाले. "सकाळी पट्टा सुटलेला असतो. कुलूप जसंच्या तसं. मॅडम, कुणीतरी माझ्या जिवावर उठलंय."

त्यांचा संशय शेजारच्या शेतकऱ्यावर होता, कारण बांधावरून दोघांचं पटत नव्हतं. स्टेशन डायरीला नोंद घेऊन मी त्याला बोलावलं. तो खुर्चीच्या कडेवर टेकला आणि हसला.

"मला त्यांचं वाईट करायचं आसंल तर इमानात कशाला शिरू? बांधावर भेटत्यात की रोज! आन् दिवेलागण झाली की तिकडं कुणी फिरकत न्हाई. आप्पा येत्यात तितं."

"कोण आप्पा?"

"इमानाचे मिस्त्री. वारले न्हाई का मागं? सांजच्याला इमानातल्या तारा वाजत्यात. कर्र, कर्र. कानानं ऐकलंय मी."

मला त्यातून एवढंच कळलं, की कुणीतरी संध्याकाळी आत जातं. त्याच दिवशी एका महिला कॉन्स्टेबलला घेऊन साध्या वेशात मी शेडमागे जाऊन बसले.

उजेड उतरत होता. उसाचं पानसुद्धा हलत नव्हतं. पत्र्याच्या फटीतून विमानाची शेपटी आणि दोन्ही पंख दिसत होते. रंगकामासाठी खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली, त्यामुळे आतलं काही दिसेना. मग तार वाजली. एका पंखाची मागची पट्टी सावकाश वर गेली, दुसऱ्याची खाली. झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तशी. थोडं थांबून पुन्हा उलट.

कॉन्स्टेबलने माझं मनगट धरलं. "मॅडम, आपण उद्या सकाळी येऊ या."

मी पुढे जाऊन दार ढकललं. कुलूप उघडून कडीला लटकवलेलं होतं. विमानाचा दरवाजा उघडला. मागच्या आसनावर पदर घट्ट ओढून एक म्हातारी बसली होती. आप्पांची बायको.

ठाण्यात तिला चहा दिला आणि विचारायला बसले.

"मावशी, चावी कुठली?"

"ह्यांच्या करगोट्याला व्हती."

"मग तो पट्टा कशाला सोडता?"

"ह्यांचा हात आडकलाय त्यात. दांडा बांधलेला आसला की सपनात येऊन मनगट चोळत बसत्यात."

"जाताना काही बोलले होते?"

तिने बशी खाली ठेवली. "दवाखान्यातनं घरी आणताना शेडचं दार उघडं व्हतं. गाडीतनं त्यांनी आत बघितलं, आन् तिथंच वाचा बसली. मग शेवटपतूर तोंडात एवढंच. नदी रस्त्याला गेली. नदी रस्त्याला गेली. मला वाटलं, नदीला नेऊ नका म्हणत्यात. म्हून राख सोडलीच न्हाई मी. गाडगं चिंचेला टांगलंय."

ते वाक्य मला सोडेना. शनिवारी सकाळी मी कॅप्टनना आणि आप्पा आजारी पडल्यावर आलेल्या कुरकुंभच्या फिटरला शेडमध्ये उभं केलं. फिटरचा जबाब सरळ होता. दांडा कलवला की पंखांच्या पट्ट्या वर-खाली करणाऱ्या नव्या तारा आप्पांनीच पंखांतून ओवल्या होत्या. दोन मोकळी टोकं दांड्याच्या बुडाशी जोडायची राहिली होती, एकाला लाल चिंधी, दुसऱ्याला पांढरी.

"दवाखान्यात जाऊन विचारलं मी. आप्पा म्हणाले, लाल नदीला, पांढरी रस्त्याला. तसंच जोडलं. कॅप्टनसाहेबांनी चेकपण केलं."

"कसं केलं? करून दाखवा."

कॅप्टन आत बसले. फिटर विमानाच्या तोंडापुढे उभा राहिला. मी शेपटीमागे होते.

"दांडा डावीकडे केला!" आतून आवाज आला.

"डावा वर! ओके, साहेब!"

माझ्यासमोर उजव्या पंखाची पट्टी वर गेली होती.

"कुणाचा डावा?" मी ओरडून विचारलं.

फिटरने स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग विमानाकडे. कॅप्टननी खिडकीचा कागद टराटरा फाडला आणि मान काढून पंखाकडे पाहिलं.

"आप्पांनी तारा ओवल्या तेव्हा विमानाचं नाक कुठे होतं?" मी विचारलं.

"पश्चिमेला," कॅप्टन म्हणाले. "मग खंडेनवमी आली. हत्यारांबरोबर विमानाचीही पूजा केली, तेव्हा नाक पूर्वेला फिरवलं. ते तसंच राहिलं."

शेड तीच, नदी तिथेच. विमान मात्र उलटं झालं होतं, आणि लाल तार इमानदारीने नदीलाच जोडली गेली होती. नदीकडचा पंख रस्त्याकडे गेलाय, हे गाडीतून एका नजरेत आप्पांना दिसलं. सांगायला तोंड उरलं नाही.

कॅप्टन खाली उतरले आणि चाकाजवळ बसले. "उद्या मी डावीकडे कलवलं असतं..."

"तर विमान उजवीकडे कलंडलं असतं," मी म्हणाले. "उठा. आधी तारा सोडा."

त्यांनी तक्रार मागे घेतली. मावशींना मी घरी जाऊन सांगितलं, की ते वाक्य राखेचं नव्हतं, तारांचं होतं.

"म्हंजी नदीला सोडू व्हय?"

"सोडा."

रविवारी विमान उडालं नाही. त्या सकाळी चिंचेवरचं गाडगं उतरवून नदीवर नेलं, आणि कॅप्टन मावशींच्या मागे अनवाणी गेले.

पुढे नोकरीभर कुणी साक्षीदार 'डावीकडून आला' म्हणाला, की मी लेखणी थांबवायची आणि विचारायची, कुणाच्या डावीकडून? खोटं न बोलताही दोन माणसं एकमेकांना मरणापर्यंत नेऊ शकतात, हे मी त्या शेडमध्ये शिकले.

एक गोष्ट मात्र जबाबात नाही. सही घेताना मी मावशींना सहज विचारलं होतं, दांडा हलवत का होतात?

"मी न्हाई बाई हलवत," ती म्हणाली. "पुढच्या शिटापतूर हात कुठं पुरतोय माझा? मी पट्टा सोडते आन् मागं बसून ऱ्हाते."

पट्टी वर जाताना मी पाहिली होती, खाली येतानाही. ते मी लिहिलं नाही. कुणाच्या नावावर लिहायचं, तेच ठरेना.